राइनेरोचं अर्धं पद

मठाधिपती मरायला टेकलेत हे कळलं आणि राइनेरो भर उन्हात डोंगर चढून आला. इटलीच्या उंब्रिया प्रांतातल्या या मठात तो एके काळी मारियामातेची पदं रचायचा. त्याच्यावर चोरीचा खोटा आळ घेऊन मठाधिपतींनी त्याला हाकललं. पुढची अकरा वर्षं त्यानं गुत्त्यांत बसून फक्त त्यांना शिव्याशाप देणारी कवनं रचली. त्यातलं सगळ्यात विखारी कवन तो आज त्यांच्या कानात म्हणणार होता.

म्हाताऱ्याची दृष्टी गेली होती. "कोण आहे?"

"वाटसरू. एक पद ऐकवायला आलोय."

"ऐकव. इथे राइनेरो नावाचा एक होता. चोर दुसराच निघाला, पण तोवर मी त्याला घालवून बसलो होतो. खूप शोधलं त्याला. त्याचं एक पद अर्धंच राहिलंय. रोज संध्याकाळी आम्ही तिथपर्यंत गातो आणि उरलेल्या कडव्यापुरते गप्प उभे राहतो. ती त्याची जागा आहे."

राइनेरोच्या जिभेवर शाप तयारच होता. तो वाकला, त्यानं तोंड उघडलं, आणि अकरा वर्षं न सुचलेलं कडवं सबंधच्या सबंध बाहेर पडलं.

म्हाताऱ्यानं चाचपडत त्याचा हात धरला. "आलास?"

"तुम्हाला शाप द्यायला आलो होतो," राइनेरो दात-ओठ खात म्हणाला.

"मग तोही दे. हक्क आहे तुझा."

राइनेरोनं तोही म्हटला, एकही शब्द न गाळता. म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत हात सोडला नाही.