उन्हातली खुर्ची

नरसिंगरावांनी खुर्ची पुन्हा सरकवली. ऊन पाण्याच्या टाकीपलीकडे गेलं होतं, तेव्हा बायकोलाही तिकडे न्यायला हवं होतं.

"अय्यो, मी काय वाळत घातलेलं पातळ आहे का हो? सारखं उलटवताय," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. पण उठल्या. केमोने केस गेलेल्या डोक्यावरचा रुमाल कपाळापर्यंत ओढला आणि सरकवलेल्या खुर्चीत जाऊन बसल्या.

त्यांची सून स्मृती गच्चीच्या दुसऱ्या टोकाला लहानग्या पावनीची दुपटी वाळत घालत होती. तिला सासूबाईंची दया आली. ऊन त्यांना मुळीच सोसत नसे.

घर रंगाऱ्यांचं. लग्न होऊन आल्यापासून अन्नपूर्णाबाईंचे दिवस मागच्या शेडमध्येच गेले. रंगवलेलं कापड तिथे सावलीत वाळायचं, कारण उन्हाने रंग उडतो. खिडक्यांना गोणपाट लावलेलं. ते कुणी जरा वर केलं की नरसिंगराव ओरडायचे. वाळत्या कापडाखाली बसून अन्नपूर्णाबाई घड्या घालायच्या, भाजी निवडायच्या, मुलाला दूधही तिथेच पाजायच्या.

मग मानेत गाठ आली. लिंफोमा निघाला. रक्त तपासलं तेव्हा ड जीवनसत्त्व अगदी तळाला गेलेलं दिसलं. डॉक्टर मेघाश्रींनी नीट समजावलं होतं. या कमतरतेचा आणि आजाराचा काही संबंध असावा असं काही संशोधकांना वाटतं, पण तिच्यामुळेच तो होतो असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. नरसिंगरावांच्या कानात फक्त पहिलाच अर्धा भाग शिरला.

"मीच हिला सावलीत ठेवली," एवढंच ते घरी येऊन बोलले. शेडला कुलूप लावलं. हुणसूरचं जुनं गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं. ताटातला भात तसाच राहू लागला. केमो बायकोची चालली होती आणि झडत नवरा चालला होता.

एका सकाळी ते आपणहून गच्चीवर खुर्ची घेऊन गेले. कुठल्या रंगाला किती ऊन चालतं, हे त्यांना पुरतं ठाऊक. तोच हिशेब त्यांनी बायकोला लावला. आधी पाठ, मग हात, मग पाय. शेजारी स्टूल टाकून स्वतः पहाऱ्याला बसायचे. हळूहळू दोघांची इडली वरच जाऊ लागली. मग भांडणंही वर होऊ लागली. चटणीत मीठ कमी आहे, असं ते ज्या दिवशी म्हणाले, त्या दिवशी स्मृतीला खाली स्वयंपाकघरात हसू आणि रडू एकदमच आलं. पुढे शेडही उघडली.

खुर्ची टाकीपलीकडे सरकवली त्याच दुपारी दवाखान्यात नवा स्कॅन आला. गाठी पुष्कळ विरल्या होत्या. ड जीवनसत्त्वही वर आलं होतं. ते ऐकून नरसिंगराव तोंड फिरवून रिक्षा बघायला बाहेर गेले. अन्नपूर्णाबाई आत इंजेक्शन घेत होत्या. उन्हाने एवढा गुण येतो का, असं स्मृतीने डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, गाठी विरल्या त्या केमोने आणि ड जीवनसत्त्वाचा आकडा चढला तो आठवड्याच्या गोळीने. कोवळ्या उन्हात थोडं बसलं तर हरकत नाही, पण मुद्दाम बसायची गरज नाही, हे त्यांनी अन्नपूर्णाबाईंना सुरुवातीलाच सांगितलं होतं.

स्मृती रात्रभर त्यावर विचार करत राहिली. केमोने सासूबाई सगळं विसरत असतील, असं तिला वाटलं. सकाळी तिने त्यांना जिन्यातच गाठलं. वर खुर्ची ओढल्याचा आवाज येत होता.

"आत्या, तुम्ही नका जाऊ उन्हात. गोळी पुरते म्हणे. मी सांगते मामांना."

ती वर निघाली तशी अन्नपूर्णाबाईंनी तिचं मनगट धरलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"मला ठाऊक आहे. मला बरं करायला गोळी आहे गं. उन्हात बसते ती त्यांना बरं करायला."