रोज काय करता?

"व्हॉट डू यू डू एव्हरी डे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि मावशींनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

प्रश्न काही नवा नव्हता. वॉर्डच्या सिस्टरांनी पंधरा दिवस चहाच्या सुट्टीत तोच घोटून घेतला होता, कामाचे इंग्रजी शब्दही शिकवले होते; उत्तर तेवढं मावशींनी स्वतः जुळवायचं होतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची खोली आता नव्या इमारतीत जाणार होती. तिथले डॉक्टर बाहेरून येणार, म्हणून थोडंफार इंग्रजी बोलणाऱ्या आयाच तिकडे घ्यायच्या आणि बाकीच्यांना धुलाईत पाठवायचं, असा वरून हुकूम होता. निवड करायला आलेल्या या बाईंनाही इथली भाषा येत नव्हती. आणि मावशींची त्या बाळांपाशी बावीस वर्षं गेली होती.

"आय गेट अप ॲट फाइव्ह," मावशी म्हणाल्या. "आय ब्रश माय टीथ. आय कोम्ब माय हेअर."

डॉक्टरीणबाईंच्या शेजारी बसलेल्या कारकुनाने चहाच्या कपाआड हसू लपवलं. मावशींच्या मागे उभ्या सिस्टरांनी कपाळाला हात लावला. रोजचं काम सांगा म्हटलं, तर बाई नातीच्या पुस्तकातला धडा पाठ करून आल्या होत्या! आपल्या कामात सांगण्याजोगं काही असतं, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"आय कोम्ब माय हेअर," मावशी पुन्हा म्हणाल्या. पुढचं काही केल्या आठवेना. पंख्याने डॉक्टरीणबाईंचा कागद फडफडला. त्यांनी तो दाबून धरला आणि पेन उघडलं.

"अहो मावशी, दात कसले घासताय!" सिस्टरांना राहवेना. "बाळाला कसं उचलता, ते सांगा ना."

"ते कसं सांगायचं, सिस्टर? ते तर हातच करतात."

"मग करू दे हातांना. तुम्ही नुसतं बोलत जा."

टेबलावर हात पुसायचा टॉवेल पडला होता. मावशींनी तो घेतला, गुंडाळला, आणि वीतभर झाल्यावर टेबलाच्या कोपऱ्यात हळूच ठेवला. मग त्या बेसिनपाशी गेल्या.

"आय वॉश माय हँड्स."

खरोखरच धुतले, कोपरांपर्यंत. डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, पण मावशींनी घाई केली नाही. हात कोरडे करून त्या तळवे एकमेकांवर घासत राहिल्या.

"आय वॉर्म माय हँड्स."

मग एक तळवा टॉवेलच्या वरच्या टोकाखाली गेला, दुसरा मध्यावर. टेबलावरून टॉवेल कधी सुटला ते कुणालाच कळलं नाही.

"आय होल्ड द हेड. आय लिफ्ट. स्लो. स्लो." त्यांनी टॉवेल छातीशी घेतला आणि त्यावर कान झुकवला. "आय लिसन."

आणि त्या कान लावून राहिल्या.

कारकुनाचा कप ओठांपाशीच थांबला. ही बाई रोज सिस्टरांच्या समोर हेच करत होती, आणि त्यांनी मात्र आजवर तिला 'मावशी, जरा धरा हो' एवढंच म्हटलं होतं. आता त्यांना वाटलं, तो कान उचलला जाईपर्यंत आपण पापणीसुद्धा हलवू नये.

"ही ब्रीद्स," मावशी अखेर म्हणाल्या.

"अँड देन?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता.

मावशींनी जरा विचार केला. हे सिस्टरांनी शिकवलं नव्हतं, आणि नातीच्या पुस्तकातही नव्हतं.

"देन आय ब्रीद."

डॉक्टरीणबाईंचं पेन कागदावर टेकलंच नाही. मावशींना वाटलं, चुकलंच आपलं. ओशाळून त्यांनी टॉवेल परत द्यायला हात पुढे केले. डॉक्टरीणबाई पेन टाकून उठल्या आणि त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

"डोकं सांभाळा," मावशी सवयीने आपल्या भाषेत बोलून गेल्या.

बाईंना त्यातलं अक्षर कळलं नसेल. पण त्यांचा तळवा आधीच टॉवेलच्या वरच्या टोकाखाली गेला होता.

कारकून आवाज न करता उठला आणि त्याने पंखा बंद केला.