मिठाची करवंटी

पालघरच्या खानावळीत गोदूबाईचा एकच नियम होता: कालवणात मीठ तिच्याशिवाय कुणी घालायचं नाही. दहा वर्षं तिच्या हाताखाली रांधलेल्या मंजुळेनं आज बोईसरला त्याच नावाची दुसरी खानावळ उघडली. तारापूरला अणुवीज केंद्र बांधणारे कामगार पंगतीला बसले, गोदूबाई पाहुणीसारखी दारात उभी राहिली. पहिलाच घास घेऊन एकजण म्हणाला, "बाई, कालवणात मीठच नाय." सवयीनं मंजुळेनं मीठ गोदूबाईसाठी राहू दिलं होतं. पाटीवरच्या नावाकडे तिला बघवेना. गोदूबाई चुलीशी आली. पदराखालून तिनं मीठ मोजायची आपली जुनी करवंटी काढली आणि मंजुळेच्या हातात दिली. "सकाळपासून द्यायची म्हनते गं, हातातून सुटत नवती." मंजुळेनं मीठ घातलं. गोदूबाई पंगतीत जाऊन बसली. "वाढ आता, पोरी. आज मी चव बघाया नाय, जेवाया बसलेय."