झूमच्या रिंगेतलं कुंकू

"आत कुंकू गेलंय ताई, म्हणून झूमची रिंग फिरत नाही. कुंकवाला वॉरंटी नसते," कॅमेऱ्याच्या दुकानातल्या खटावकर शेठने लेन्स काउंटरवरून परत सरकवली.

हेमलता लग्नांचे फोटो काढून पोट भरायची. लेन्स अशीच घरी नेली तर लग्नाचा सीझन बुडालाच. विकताना पेढा भरवणारी माणसं वॉरंटी म्हटलं की तोंड फिरवतात, या विचाराने ती पेटली.

"दसऱ्याला इथूनच घेतली ना? कुंकू कुणी लावलं, आठवा."

"घरी तुम्हीच पूजा केली असणार."

तिने भिंतीकडे बोट दाखवलं. 'आमचे आनंदी ग्राहक' या पाटीखाली तिचाच फोटो होता. तिच्या हातात नवी लेन्स आणि लेन्सच्या रिंगेवर कुंकवाचं बोट टेकवणारा हसरा शेठ.

शेठने चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला. मग लेन्स उचलली.

"दुरुस्ती माझ्याकडून. तोवर दुकानातली ही दुसरी वापरा."

"द्या," ती हसली, "पण पूजा न करता."