डरकाळी

कानाच्या यंत्रासाठी साठवलेले पैसे त्यांनी कार्ब्युरेटरवर उडवले, तेव्हा बायकोनं आठवडाभर अबोला धरला. त्यांना तो कळलाच नाही. भंगारातून उचललेली जुनी स्पोर्ट्स कार ते अंगणातल्या पत्र्याखाली पोटाला चिमटा काढून जोडत होते. लहानपणी ऐकलेली तसल्या गाडीची डरकाळी पुन्हा ऐकायची, एवढंच वेड. “यंत्र पुढच्या वर्षी घेऊ,” म्हणाले; तोवर कान पुरते गेले. आज किल्ली फिरवली आणि पत्रा थरथरला, शेजारी खिडक्यांत आले. त्यांनी बॉनेटवर तळहात टेकवला. “आवाज कसा येतोय गं?” तिचे ओठ ‘छान’ म्हणाले. “छान म्हणजे कसा?” मग शेजाऱ्यांची पर्वा न करता तिनं त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि जीव तोडून ‘घुर्रर्र’ केलं. त्यांना फक्त श्वासाची ऊब जाणवली. “अस्साच होता,” म्हणत त्यांनी इंजिन बंद केलं.