पासंग

"क्षला एकटं पाडायचं," ओसरीवर गुणवंत मास्तर म्हणाले, आणि अंगणात मरळ मासा चिरत बसलेल्या देवकाबाईचा हात विळीवर थांबला. "त्याच्यासोबत जे कोणी असेल त्याला पलीकडे पाठवायचं. पलीकडे गेलं की अधिकचं उणं होतं. मग क्षची किंमत काढायची."

मास्तरांसमोर पाटी घेऊन गोकुळा बसली होती. शेजारच्या गावची, पंचविशीतली विधवा. तिला चांद्याला जाऊन मास्तरणीच्या ट्रेनिंगची परीक्षा द्यायची होती आणि तिचं घोडं बीजगणितात अडलं होतं. म्हणून रोज शाळा सुटली की ती येई. मास्तर तिच्याशी 'तुम्ही' लावून बोलत. बारा वर्षं संसार केलेल्या बायकोला मात्र 'अवं'च्या पुढे काही मिळालं नव्हतं.

देवकाबाई शाळेत गेली नव्हती. पण एकटं नवऱ्याला पाडायचं आणि पलीकडे आपल्याला पाठवायचं, हे कळायला शाळा कशाला लागते? तिचं माहेर गावच्या तलावाच्या पलीकडेच होतं. आणि नवऱ्याघरून पलीकडे परतलेली बाई कशी उणी होते, हे तिनं थोरल्या बहिणीच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं होतं. ती जळत होती, अगदी उघड उघड जळत होती. गोकुळाचं स्वच्छ पातळ, सरळ भांग, पाटीवरचं वळणदार अक्षर, सगळं तिच्या डोळ्यात सलत होतं. मास्तर हसले की तिला वाटे, आपल्या वाट्याचं हसू हिला दिलं.

जेवण वाढताना ती एकदा बोललीच. "तिले घंटाघंटा शिकवता. माह्यासंगं दोन शब्द बोलाले तुमाले टाइम नाई."

"तिचं डोकं पाह्य कसं चालते," मास्तर म्हणाले. "तू तिच्या पासंगालेबी नाई पुरत."

पासंग! जिचा जन्म मासोळीबाजारात तराजू धरण्यात गेला तिला हे ऐकवायचं! तिच्या तराजूचं एक पारडं हलकं होतं. दोन्ही समान व्हावीत म्हणून त्याला तिनं एक खडा बांधला होता. तोच पासंग. म्हणजे आपण त्या खड्याएवढ्याही नाही.

मंगळवारी बाजाराला निघण्याआधी तिनं आपली लुगडी गाठोड्यात बांधून दाराशी ठेवली. त्यांनी पाठवण्याआधी आपणच गेलेलं बरं. फक्त जाता जाता त्या क्षला चार शब्द सुनवायचे होते.

ती परतली तेव्हा गोकुळा रडकुंडीला आली होती.

"पन मास्तर, पलीकडे गेल्यावर दोनचं उणं दोन काऊन होते?"

"नियम आहे. पाठ करा."

"पन काऊन?"

"नऊ वर्षं शिकवतो आहे. आजपर्यंत कोणी विचारलं नाही!" मास्तर खेकसले. उत्तर न येणाऱ्या माणसाचा तो चेहरा देवकाबाईला चांगला ओळखीचा होता.

तिनं चार शब्द सुनवायला तोंड उघडलं; पण पलीकडे तर दोन चालला होता, आणि निघाला भलताच प्रश्न. "हे क्ष क्ष कोन हाय वो बाई?"

गोकुळानं डोळे पुसले. "कोनी नाई जी. ज्याची किंमत मालूम नाई, त्याले क्ष म्हनते. आता हे पाहा. क्ष अन् दोन मिळून सात होते. तं क्ष किती?"

देवकाबाईनं दाराजवळच्या गाठोड्याकडे पाहिलं. मग तराजू पुढ्यात ओढून बसली. उरलेल्या मासोळ्या टोपलीसकट एका पारड्यात ठेवल्या, दुसऱ्यात पावशेराची सात वजनं टाकली. तराजू उचलला. एकदोन मासोळ्या कमी केल्यावर काटा मधोमध उभा राहिला.

"टोपली दोन पावाची हाय. मासोळ्या किती, मालूम नाई. आता टोपली काढू." तिनं मासोळ्या पारड्यात ओतल्या, टोपली बाजूला टाकली. पारडं वर गेलं. "आता?"

गोकुळानं हळूच दुसऱ्या पारड्यातली दोन वजनं उचलली. काटा पुन्हा मधोमध आला. तिनं उरलेली वजनं मोजली आणि एकदम ओरडली, "पाच!"

"पलीकडे कोनी जात नाई," देवकाबाई म्हणाली. ती आता मास्तरांकडे पाहत होती. "इकडून जेवढं काढलं, तेवढं तिकडूनबी कमी होते."

संध्याकाळी गाठोडं मास्तरांनीच उचलून आत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गोकुळा आली ती ओसरी ओलांडून सरळ अंगणात गेली आणि देवकाबाईच्या तराजूपाशी बसली. एक वजनं मांडी, दुसरी आकडे लिही, आणि दोघी खिदळत. ओसरीवर मास्तर पुस्तक उघडून बसले होते. बराच वेळ झाला तरी पान उलटलं नव्हतं. शेवटी त्यांना राहवेना.

"अवं, एवढं काय करून राह्यल्या दोघी?"

"क्ष एकटा पडला," देवकाबाई मान वर न करता म्हणाली. "आता त्याची किंमत काढून राह्यलो."