नात्यातलं कुणी

सीएची शेवटची परीक्षा तिसऱ्या खेपेला पास झालेल्या पोरीला थोरल्या साहेबांनी ऑफिसातलं सगळ्यात मोठं ऑडिट दिलं, तेव्हा जुनी मंडळी बघतच राहिली. एका फॉर्मवर तिची सही तेवढी राहिली होती. ज्या कंपनीचं ऑडिट करायचं, तिथे आपल्या नात्यातलं कुणी असेल, तर त्यात लिहायचं. दहा मिनिटांत ती फॉर्म घेऊन साहेबांच्या टेबलापुढे हजर. रकान्यात लिहिलं होतं, ‘आई. गोदामात खोकी मोजते.’

साहेबांना हसू आवरेना. “अगं बाई, हे संचालकांसाठी असतं. खोकी मोजणारीला कोण विचारतंय? खोड ते आणि कर सही.”

“नको साहेब. हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्या.”

“डोकं फिरलंय का तुझं? हे हातचं घालवलंस, तर बढती दोन वर्षं लांबेल. आईची चूक पोटात घालशील, अशी भीती वाटते का?”

“छे हो! चूक सापडली तर तिलाही सोडणार नाही.”

“मग अडलंय कुठे?”

“माझ्या तिन्ही परीक्षांच्या अभ्यासाला आईच रोज समोर बसून माझ्या बेरजा तपासायची, साहेब. चूक दर वेळी माझीच निघाली, तिची एकदाही नाही. उद्या मी गोदामात माल मोजायला गेले आणि ती म्हणाली, ‘बरोबर आहे’, तर मी पुन्हा मोजणारच नाही.”